मँटिस श्रिंपचा गृहप्रवेश

मँटिस श्रिंप या सागरी प्राण्याची जी कीर्ती जगभर पसरली आहे ती त्याच्या प्रहाराची कीर्ती होय; आणि हा प्राणी आपल्या घरच्या टाकीत असावा अशी इच्छा ज्याच्या मनात उत्पन्न होते त्याच्या डोळ्यांपुढेही बहुधा प्रथम तो प्रहारच असतो. परंतु प्राणी प्रत्यक्ष घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात जो अनुभव येतो तो अगदी निराळा. खेकड्याचे कवच फोडणारा हा जीव नव्या पाण्यात पडताच मिळेल त्या कपारीत शिरतो, दिवसचे दिवस दर्शन देत नाही, पुढे ठेवलेल्या अन्नाकडे पाहत नाही, आणि आपण आणलेला प्राणी आजारी तर नाही ना, किंबहुना जिवंत तरी आहे ना, या शंकेने व्याकुळ झालेला मालक अखेर दगड उचलून पाहू लागतो. तो दगड उचलला जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. या प्राण्याच्या सामर्थ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याच्या भीतीविषयी फारच थोडे. आणि त्यास टाकीत स्थिरस्थावर करण्याची सारी विद्या म्हणजे ती भीती ओळखून तिचा आगाऊ बंदोबस्त करणे होय.

नावात श्रिंप असले तरी हा प्राणी आपल्या ओळखीच्या कोळंबीच्या कुळातला नव्हे. कवचधारी प्राण्यांच्या विशाल वंशातील स्टोमॅटोपोडा नावाच्या स्वतंत्र गणात त्याची गणना होते. या गणाची शाखा इतर कवचधारींपासून सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी अलग झाली असे मानतात, आणि तीत आज साडेचारशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. पुढचे दोन पाय प्रार्थनाकीटकाप्रमाणे छातीशी दुमडून ठेवण्याच्या सवयीवरून त्यास हे नाव पडले. त्या पायांच्या घडणीवरून या जातींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात: ज्यांच्या पायांस काटेरी टोके असतात, आणि जे चिखलात दबा धरून मासे व कोळंब्या टोचून पकडतात, ते भालाधारी, आणि ज्यांच्या पायाचा सांधा फुगून गदेसारखा झालेला असतो, आणि जे खेकडे व शंखशिंपले फोडून खातात, ते मुद्गरधारी. कोकणच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जे स्क्विला ढिगांनी येतात, आणि जे बहुतेक सुकवून कोंबड्यांच्या खाद्याकडे किंवा मासळीच्या भुकटीकडे रवाना होतात, ते पहिल्या वर्गातले होत. आपल्या देशात या गणाचा अभ्यासही नवा नाही. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहाच्या आधारे स्टॅन्ली केम्प यांनी इ. स. १९१३ मध्ये हिंदी व प्रशांत महासागरांतील स्टोमॅटोपोडांचा जो विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला, त्याचा हवाला संशोधक पुढे अनेक दशके देत आले.

टाकीत पाळण्यासाठी ज्याची मागणी सर्वाधिक होते तो मुद्गरधारी वर्गातील मयूर मँटिस श्रिंप, शास्त्रीय नाव ओडोंटोडॅक्टिलस सिलारस. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकमधील ग्वामपर्यंत प्रवाळांच्या आसपासच्या वाळूत व खड्यांत तो राहतो; पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी १८ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते; आणि हिरवा, निळा, नारिंगी, तांबडा असे रंग त्याच्या देहावर इतक्या उदारपणे उधळलेले असतात की मयूर हे विशेषण त्यास सर्वथा शोभते. नराचे रंग अधिक तेजस्वी असतात, मादी किंचित शेवाळी छटेची असते. या लेखातील मोजमापे मुख्यतः याच जातीस लागू आहेत. याहून लहान, बोटभर लांबीच्या अनेक मुद्गरधारी जाती आहेत, आणि प्रथमच हा छंद धरणाऱ्याने त्यांपैकी एखादीच निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्यांस जागा कमी लागते, त्या अधिक चिवट असतात, आणि त्यांच्या वागणुकीत मयूराइतकेच पाहण्यासारखे असते.

आता त्या प्रसिद्ध प्रहाराविषयी. इ. स. २००४ मध्ये शीला पटेक, डब्ल्यू. एल. कॉर्फ व रॉय कॉल्डवेल या कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने मयूराचा प्रहार मोजला, तेव्हा त्या मुद्गराचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरहून अधिक, भरला. निव्वळ स्नायूंच्या बळावर पाण्यात असा वेग उत्पन्न होणे शक्य नाही. पायाच्या वरच्या भागात खोगिराच्या आकाराची कवचाची एक कमान असते. स्नायू तीस सावकाश दाबून ठेवतात, एक खीळ ती ऊर्जा अडवून धरते, आणि खीळ सुटताच साठलेली सारी ऊर्जा काही मिलिसेकंदांत बाहेर पडते. वेग इतका प्रचंड असतो की मुद्गर व भक्ष्याचे कवच यांच्या दरम्यान पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात, आणि ते कोसळताना दुसरा एक आघात होतो. अशा रीतीने भक्ष्यास एका प्रहारात दोन तडाखे बसतात. पहिल्या तडाख्याचे बल १,५०० न्यूटनपर्यंत मोजले गेले आहे. हे सर्व सांगण्याचे प्रयोजन वाचकास चकित करणे एवढेच नाही. ज्या टाकीत हात घालावयाचा तीत हे आयुध सज्ज आहे याचे भान राखून प्रत्येक काम लांब चिमट्याने करावे, आणि उघड्या हाताने या प्राण्यास कधीही स्पर्श करू नये, हा पहिला दंडक त्यातून निघतो.

काच फुटण्याचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. इंग्लंडमधील ग्रेट यार्मथ येथील सागरी प्राणिसंग्रहात इ. स. १९९८ मध्ये टायसन नावाच्या मयूर मँटिस श्रिंपने पाव इंच जाडीची काच तडकवल्याची वार्ता सर्वत्र गाजली, आणि तेव्हापासून प्रत्येक नवा मालक त्या धास्तीने ग्रस्त असतो. असे प्रसंग विरळा आहेत, तथापि ते अशक्य नाहीत. दहा-बारा सेंटिमीटरहून मोठ्या प्राण्यासाठी ॲक्रिलिकची टाकी घ्यावी, किंवा जाड काचेच्या टाकीत तळाशी ॲक्रिलिकचा पत्रा घालावा, म्हणजे ही चिंता मिटते. प्राणी काचेवर आघात करतो तो बहुतेक वेळा बिळाची भिंत म्हणून काचच त्याच्या वाट्यास आली असेल तेव्हा, किंवा काचेबाहेरील हालचालीने तो बिथरला असेल तेव्हा. म्हणून बिळाची जागा विचारपूर्वक ठरवणे हाच काचेच्या रक्षणाचाही उत्तम उपाय आहे.

असा बलाढ्य प्राणी भितो कशाला, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर त्याच्या समुद्रातील राहणीत आहे. पाय कितीही बळकट असले तरी त्याचा उदरभाग लांब, लवचीक आणि तुलनेने मऊ असतो, मोठे मासे व अष्टपाद त्याच्या मागावर असतात, आणि उघड्यावर गाठला गेलेला मँटिस श्रिंप फार काळ जगत नाही. त्याचे खरे चिलखत म्हणजे त्याचे बीळ. शिकारीस तो तेथूनच निघतो, शिकार घेऊन तेथेच परततो, कात तेथेच टाकतो, अंडी तेथेच सांभाळतो. बीळ ही त्याची एकमेव मालमत्ता असल्यामुळे तिच्यासाठी होणाऱ्या लढायांचे नियमही त्याच्या वंशात ठरलेले आहेत. प्रतिस्पर्धी दाराशी आला की घरमालक प्रथम पुढचे पाय फाकून आपल्या मुद्गरांच्या मुळाशी असलेले रंगीत ठिपके दाखवतो, ही धमकी झाली. आणि हातघाई झालीच तर बहुधा देहाची गुंडाळी करून शेपटीचे जाड कवच पुढे केले जाते व त्यावर तडाखे झेलले जातात. कॉल्डवेल यांनी इ. स. १९७९ मध्ये असे दाखवून दिले की पूर्वी ज्याच्याशी गाठ पडली होती त्या प्रतिस्पर्ध्यास हे प्राणी त्याच्या गंधावरून ओळखतात. ज्याच्या जीवनात घराची एवढी महती, त्यास बेघर अवस्थेत प्रखर दिव्याखाली, चहूबाजूंनी पारदर्शक भिंती असलेल्या पेटीत सोडून देणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी.

यास्तव प्राणी आणण्यापूर्वी त्याचे बीळ तयार असले पाहिजे. नंतर करू, असे या बाबतीत चालत नाही. मयूर हा निसर्गतः इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे, दोन तोंडांचे बीळ खोदतो. टाकीत त्याची तजवीज नळकामाच्या साध्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपाने उत्तम होते. दहा सेंटिमीटर लांबीच्या प्राण्यास दीड इंच व्यासाचा पाइप योग्य. लांबी प्राण्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी, दोन्ही टोकांस वळण देणारे सांधे बसवून ती वाळूच्या वर निघतील अशी योजना करावी, आणि मधला भाग आठ-दहा सेंटिमीटर जाडीच्या वाळूत गाडून टाकावा. व्यास ठरवताना एक गोष्ट विसरू नये: प्राण्यास बिळातल्या बिळात कोलांटी घेऊन तोंड फिरवता आले पाहिजे, आणि तरीही भिंती त्याच्या अंगास जवळ लागल्या पाहिजेत, फार ऐसपैस बीळ त्यास मुळीच आवडत नाही. मध्ये अंधार असावा. बिळाच्या आतले दृश्य दिसावे म्हणून पाइप काचेला चिकटवून ठेवण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरता आला तर बरे. आवरता येत नसेल तर त्या जागी बाहेरून काळा कागद लावून निदान पहिले दोन महिने तो काढू नये.

पाइपाइतकेच महत्त्व तोंडाशी पसरलेल्या खड्यांना आहे. नवा रहिवासी सुरक्षिततेची पहिली खात्री करून घेतो ती दारे बांधून. लहान-मोठे दगड, शिंपल्यांचे तुकडे, जे मिळेल ते उचलून आणून तो बिळाची तोंडे अरुंद करतो, रात्री ती पुरती बंद करतो, सकाळी पुन्हा मोकळी करतो. ही हालचाल सुरू झाली की त्याने घर आपले मानले असे खुशाल समजावे. त्यासाठी निरनिराळ्या आकारांचे खडे पसाभर तरी द्यावेत. तिसऱ्या व कालवे खाऊन उरलेली टरफले स्वच्छ धुऊन, उकळून, फोडून दिली तर त्यांचा फार चांगला उपयोग होतो. प्रवाळाचे तुकडे मात्र किनाऱ्यावरून उचलून आणू नयेत. खडक बांधणारे सर्व प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कायदा नसता तरी समुद्राच्या घराची मोडतोड करून आपल्या पाहुण्याचे घर बांधणे उचित झाले नसते. सजावटीसाठी बाजारात मिळणारे भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड पुरेसे आहेत. ते ठेवताना वाळूवर न ठेवता थेट टाकीच्या तळावर टेकवावेत, मग भोवती वाळू भरावी. कारण हा प्राणी अहोरात्र खोदतो, आणि वाळूवर उभारलेली दगडांची रचना त्याच्याच अंगावर कोसळते.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ही माहिती समुद्री टाकी ठेवणाऱ्यास सामान्यतः असते. मयूरास किमान सव्वाशे ते दीडशे लिटरची टाकी लागते. टाकी भरल्यापासून चार ते सहा आठवडे तीत प्राणी सोडू नये; या मुदतीत विष्ठेतून व उरल्या अन्नातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर व गाळणीत वस्ती करतात, आणि अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही तपासणीत शून्यावर आल्याखेरीज टाकी तयार झाली असे म्हणता येत नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, आम्लता दर्शवणारा पीएच ८.१ ते ८.४, आणि तापमान २३ ते २६ अंश सेल्सियस असावे. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून रोज जी घट येते ती खाऱ्या पाण्याने न भरता शुद्ध गोड्या पाण्याने भरावी.

आपल्याकडील हवेचा व घरांचा विचार करता तीन गोष्टी मुद्दाम बजावून सांगावयाच्या आहेत. पहिली ही की मुंबई-पुण्यातील नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते, आणि ते आरओ यंत्रातून काढल्याखेरीज या टाकीत घालू नये. दुसरी, विदर्भ-मराठवाड्यातील व पुण्यातीलही चैत्र-वैशाखाच्या उष्म्यात टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते, पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि बंद बिळात बसलेल्या प्राण्यास त्याची झळ प्रथम लागते. तेव्हा पाणी थंड करणारे यंत्र, निदान पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा, आणि वीज गेल्यास चालू राहील असा बॅटरीवरचा हवापंप यांची सोय करता येत नसेल तर हा प्राणी आणू नये. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे: डास मारण्यासाठी जी फवारणी किंवा विजेवर तापणारी औषधे आपण घरोघर वापरतो त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये माणसास सौम्य असली तरी कवचधारी प्राण्यांस जहाल विष आहेत, आणि हवापंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलत असतो. ज्या खोलीत टाकी आहे तीत या औषधांस कायमचा मज्जाव करावा. माशांच्या रोगांवर वापरल्या जाणाऱ्या तांबेयुक्त औषधांचीही गोष्ट हीच. त्यांचा अंश पूर्वी ज्या टाकीत पडला असेल ती टाकीसुद्धा निषिद्ध समजावी.

आता प्रत्यक्ष आगमनाचा दिवस. प्राणी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या बाटलीत बंद होऊन, कित्येकदा एक संपूर्ण दिवस प्रवास करून आलेला असतो. खोलीतील दिवे मंद करावेत, टाकीचा दिवा पूर्णपणे मालवावा, आणि बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून दोन्हीकडील तापमान समान होऊ द्यावे. मग पिशवीतील पाणी प्राण्यासह एका स्वच्छ, उभट भांड्यात घ्यावे व टाकीतून बारीक नळीने आणलेले पाणी त्यात थेंब-थेंब सोडावे. शंकराच्या पिंडीवर अभिषेकपात्रातून जसे पाणी ठिबकते तशी त्याची गती असावी. कवचधारी प्राण्यांच्या शरीरातील क्षारांचे प्रमाण भोवतालच्या पाण्याशी निगडित असल्याने क्षारतेतील आकस्मिक बदल त्यांस सोसत नाही, हे या संथपणाचे कारण.

परंतु संथपणालाही हद्द आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. लांबच्या प्रवासात प्राण्याच्या उत्सर्जनामुळे पिशवीत अमोनिया साचतो, आणि त्याच वेळी त्याच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून पीएच खाली आणतो. पीएच खाली असेपर्यंत तो अमोनिया बव्हंशी अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढू लागतो, आणि निरुपद्रवी बसलेल्या अमोनियमचे पुन्हा विषारी अमोनियात रूपांतर होऊ लागते. म्हणजे जी सावकाशी क्षारतेच्या दृष्टीने हितकर तीच या दृष्टीने अपायकारक ठरते. व्यवहारी मार्ग असा की दुकानदारास त्याच्या पाण्याची क्षारता आधीच विचारून ठेवावी, टाकी शक्य तितकी तिच्या जवळ आणावी, आणि ठिबकसिंचन तासाभरात आटोपते घ्यावे. प्रवास जवळचा असेल तरच दीड-दोन तासांची मुभा आहे. भांड्यातील पाणी टाकीत ओतू नये. प्राणी जाळीनेही उचलू नये, कारण त्याचे काटेरी पाय जाळीत गुंततात व ओढाताणीत तुटतात. लहान पारदर्शक पेल्यात त्यास आपण होऊन शिरू द्यावे, पेला बिळाच्या तोंडाजवळ पाण्यात नेऊन आडवा करावा, आणि बाजूस व्हावे. पुष्कळदा तो क्षणभर थबकतो, देठांवरचे डोळे निरनिराळ्या दिशांना फिरवून परिसराची पाहणी करतो, मग सरळ पाइपात शिरतो. दिवा त्या रात्री लावू नये. अन्नही देऊ नये.

या डोळ्यांविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज पुढे जाणे अवघड आहे, कारण प्रकाशाच्या व्यवस्थेचा संबंध त्यांच्याशी आहे. मनुष्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात. मुद्गरधारी मँटिस श्रिंपच्या डोळ्यात ते बारा आढळतात, अतिनील प्रकाशही त्यास दिसतो, आणि ध्रुवित प्रकाशाचा वर्तुळाकार हा प्रकार ओळखण्याची शक्ती इ. स. २००८ मध्ये मयूरातच प्रथम सिद्ध झाली. एवढी सामग्री असूनही जवळजवळच्या छटांतील भेद ओळखण्यात तो मनुष्यापेक्षा उणा पडतो, असे इ. स. २०१४ च्या एका प्रयोगात दिसून आले. त्यावरून संशोधकांनी असा तर्क केला की तो रंगांची सूक्ष्म तुलना करीत बसत नाही, पाहताक्षणी त्यांची नोंद करतो. आपल्या कामाची गोष्ट ही की निशाचर कवचधारींना न बिथरवता पाहण्यासाठी लाल दिव्याची जी युक्ती सर्रास वापरतात तिच्यावर येथे भिस्त ठेवता येत नाही. मयूर हा पुष्कळदा बऱ्याच खोलीवर, निळसर मंद उजेडात राहणारा. त्यास तसाच मंद उजेड द्यावा. प्रखर दिव्याखाली ठेवलेल्या मयूरांच्या कवचावर झिजल्यासारखे काळपट डाग पडून ते पसरत जाण्याचा एक रोग जडतो, आणि मंद प्रकाश, खोल बीळ व निर्मळ पाणी हीच त्यावरची खरी दक्षता असल्याचे अनुभवी पालक एकमुखाने सांगतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत बिळाच्या तोंडाशी दोन डोळे दिसले तर समाधान मानावे, न दिसले तर चिंता करू नये. तिसऱ्या दिवशी एखादी जिवंत समुद्री गोगलगाय किंवा लहान खेकडा बिळापासून वीतभर अंतरावर सोडावा आणि तेथून निघून जावे. भूक व निर्भयता यांपैकी निर्भयता आधी आली पाहिजे, आणि मालक टाकीशी नाक लावून बसला असता ती येत नाही. रात्री खोलीत टक्-टक् असा स्पष्ट आवाज ऐकू आला तर समजावे की भोजन चालू आहे. पुढे आठवड्यातून दोन-तीन वेळा खेकडा, तिसरी, शंखातला खेकडा, मधूनमधून ताज्या कोळंबीचा तुकडा असा आहार पुरतो. मऊ मांसावरच त्यास पोसणे मला मान्य नाही, कारण कवच फोडणे हा त्याचा स्वधर्म आहे, आणि ते काम मिळाले नाही म्हणजे तो निरुद्योगी, सुस्त होतो. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून टाकावे. सोबतीस दुसरा प्राणी ठेवावा का, असे विचारले जाते. मयूर एकांतवासी आहे. खेकडे व गोगलगायी हे त्याचे अन्न आहे, संथ मासे मारले जातात, आणि दुसरा मयूर म्हणजे मरणांतिक युद्ध. त्यास एकटाच ठेवावा.

आता ज्या अवस्थेत सर्वाधिक प्राणी मालकाच्या अधीरतेमुळे दगावतात त्या अवस्थेकडे, म्हणजे कात टाकण्याकडे, वळतो. वाढीसाठी सर्व कवचधारींप्रमाणे त्यास जुने कवच टाकावे लागते. पूर्ण वाढलेला मयूर साधारणतः तीन-चार महिन्यांनी एकदा कात टाकतो, लहान वयाचा अधिक वेळा, आणि स्थलांतराच्या ताणानंतर लवकरच कात टाकण्याचा प्रसंग पुष्कळदा येतो. आधी तो अन्न सोडतो, रंग फिके होतात, मग बिळाची दोन्ही तोंडे आतून चिणून घेतो व आठवडा-पंधरवडा नाहीसा होतो. या काळात कवचाबरोबर मुद्गरही मऊ असतात. प्रहार करणे त्यास अशक्य असते, पळणे कठीण असते. शत्रू आलाच तर करावयाचे काय? रिक स्टेगर व रॉय कॉल्डवेल यांनी इ. स. १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत याचे उत्तर आहे: नुकतीच कात टाकलेले प्राणीही बिळाच्या दारात येऊन पाय फाकून धमकी देतात, जणू काही मुद्गर पूर्वीसारखेच कणखर आहेत, आणि ती बतावणी कित्येकदा यशस्वी होते. ज्याने हे वाचले आहे त्याच्याने अशा दिवसांत बिळावरचा दगड हलवला जाऊ नये. दगड हलला की बीळ उघडे पडते, मऊ देह ओरबाडला जातो, आणि ज्या जखमेतून तो एरवी सहज वाचला असता ती त्यास पुरते. टाकलेली कात बाहेर दिसली तर ती पुरत्या देहाचा आकार राखून असते, आणि मृत प्राणी समजून अनेकजण घाबरतात. ती तशीच राहू द्यावी. बरे, प्राणी खरोखरीच मेला असेल तर? अमोनियाची तपासणी करावी. मयूराएवढा देह बंद बिळात कुजू लागला तर दोन दिवसांत अमोनिया चढतो व पाण्यास दुर्गंधी येते. अमोनिया शून्य असेल तर आत जीव आहे असे मानून वाट पाहावी. बाहेर आल्यावर रंग पूर्वीपेक्षा उजळ दिसतात, आणि तुटलेला पाय असला तर तो पुढील कातींबरोबर क्रमाक्रमाने पुन्हा वाढतो. पहिले अन्न द्यायचे ते मऊ द्यावे. कवचाचे भक्ष्य आणखी आठवड्याने.

ही एक कात सुखरूप पार पडली म्हणजे प्राणी घरात रुळला असे म्हणावयास हरकत नाही. तेथून पुढे त्याची धिटाई दिवसेंदिवस वाढते; तो दिवसाही फिरू लागतो, टाकीतील प्रत्येक वस्तूची चाचपणी करतो, खड्यांची उचलठेव करतो, आणि माणूस समोर आला तर बिळात पळण्याऐवजी दारात येऊन त्याच्याकडे पाहत राहतो. चांगली निगा राखल्यास मयूर चार ते सहा वर्षे जगतो.

एवढ्या वर्षांची जबाबदारी घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या प्राण्याची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर कित्येक आठवडे समुद्राच्या पाण्यात तरंगत राहतात, ती अवस्था टाकीत पार पाडणे अतिशय दुर्घट आहे, आणि त्यामुळे बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक मँटिस श्रिंप समुद्रातूनच धरून आणलेला असतो. म्हणून ज्यास सहा आठवडे रिकामी टाकी सांभाळण्याचा धीर नाही त्याने तो आणू नये, आणि ज्याने आणला त्याने कंटाळा आल्यास तो कोणत्याही परिस्थितीत जवळच्या समुद्रात सोडू नये. दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या जाणत्या पालकाच्या स्वाधीन करावा. विसाव्या शतकाच्या मध्यास हवाई बेटांत गोनोडॅक्टिलेसियस फाल्केटस ही परकी मुद्गरधारी जात येऊन पोहोचली, आणि तेथील उथळ प्रवाळखडकांतील बिळांतून स्यूडोस्क्विला सिलिएटा या स्थानिक जातीस तिने हुसकून लावले. ती आजही तेथे ठाण मांडून आहे.